दोन बोटं दिवस

केवळचंदशेट स्वयंपाक करताना पातेल्याकडे कमी आणि सूर्याकडे जास्त बघत. डाव्या हातात पळी, उजवा हात समोर ताठ लांब करून बोटं आडवी धरलेली आणि एक डोळा मिटलेला. डोंगराची कड आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघायचं आणि स्वतःशीच म्हणायचं, "तीन बोटं दिवस हाय अजून. व्हईल." तोवर पातेल्यातली मोहरी जळून काळीठिक्कर झालेली असे. कमरेएवढ्या भिंतीच्या अलीकडे मी उभी असे. "शेट, खाली बघा," म्हटलं की ते दचकत, पातेलं उतरवत, मोहरी फेकून देत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्यात आणखी एक बोट दिवस जाई.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना याचं हसू येईल. मंचरच्या पेठेतले लोकही हसतच होते आणि पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पदराआड मीही हसले होते. पुढे मात्र ती आडवी धरलेली बोटं पाहिली की मी हातातलं काम टाकून सूर्याकडे बघायला लागले. आज इतकी वर्षं झाली, ती सवय गेलेली नाही. जाईल असं आता वाटतही नाही.

माझं माहेर जुन्नरचं. आमच्या मास्तरांची बदली मंचरच्या शाळेवर झाली म्हणून आम्ही पेठेमागच्या आळीत बिऱ्हाड केलं. शेजारी केवळचंदशेट. पुढच्या बाजूला त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान, मागे घर आणि त्यामागे परस. आमच्या आणि त्यांच्या परसामध्ये ती मातीची भिंत. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेटनी स्वतः मारवाड कधी पाहिला नव्हता आणि त्यांचं बोलणं राजुरी-बोरीहून माल घेऊन येणाऱ्या गाडीवानांसारखंच होतं. उंच, सडपातळ माणूस. कानात बारीक बाळ्या. आवाज इतका हळू की गिऱ्हाइकाला पुढे वाकून ऐकावं लागे. तराजू उचलला की काटा जागच्या जागी थांबावा असा त्यांचा हात स्थिर होता. तोच हात चुलीपुढे आला की नुसता चाचपडायचा.

त्यांची बायको सुंदरबाई प्लेगात गेली. तो रोग तेव्हा जवळजवळ दर हिवाळ्यात येई आणि प्रत्येक आळीतून कुणाला तरी घेऊन जाई. सुंदरबाईला गाठ आली आणि आठवडाही गेला नाही. मागे राहिली जडाव, सात वर्षांची, एकुलती एक.

जैनांच्या घरी सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. सुंदरबाई रोज दिवस असतानाच लेकीला परसदारच्या पायरीवर बसवून भरवायची. मी भिंतीअलीकडून रोज बघत असे. शेवटचा घास देताना ती म्हणायची, "दिवा लागला की तोंड बंद," आणि जडाव दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायची. आई गेली आणि पोरीनं तिची एवढी एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली. परसासमोरच्या मारुतीच्या देवळात गुरवानं दिवा लावला की ही ओठ मिटून घ्यायची. हसणं मात्र राहिलं नव्हतं.

पहिल्या काही आठवड्यांत पेठेतल्या इतर जैन घरांतून वेळेवर ताटं येत. पोरगी चिवडल्यासारखं करी आणि उठे. एके दिवशी तिनं आलेलं ताट बाजूला सारलं आणि बापाला विचारलं, "दादा, आपली चूल मेली का?"

हे शेटनीच मला पुढे सांगितलं. म्हणाले, "मास्तरीणबाई, मी उठून दुकानात जाऊन बसलो. माप घालत ऱ्हायलो, पर किती माप घातलं ते कळंना." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताटं बंद करायला सांगितलं. थोरले भाऊ घोडनदीला असत. त्यांचं म्हणणं दुसरं लग्न कर, नाहीतर पोरगी आमच्याकडे दे. शेट म्हणाले, आधी पोरीला खाऊ घालायला शिकतो, मग काय ते बघू. भावानं बजावलं की दिवाळीला येईन, पोरगी अशीच वाळलेली दिसली तर गाडीत घालून घेऊन जाईन. शेटना बायकोपाठोपाठ लेकही घरातून जाताना दिसायला लागली.

त्याच संध्याकाळी मी परसात भांडी घासत होते. भिंतीपलीकडे शेट येऊन उभे राहिले. डोक्याला पगडी, हातात पितळी पातेलं. मान खाली घालून म्हणाले, "मास्तरीणबाई, पिठलं कसं करत्यात?"

त्या काळी पुरुषानं हे विचारायचं नसे, तेही शेजारच्या बाईला. मी तोंडाची फटकळ आहे, हे सगळ्या आळीला माहीत होतं. पण त्या वेळी हातातलं भांडं खाली ठेवून मी सरळ सांगायला लागले. डाळीचं पीठ आधी ताकात कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. शेट पाऊलभर मागे सरले. कच्च्या ताकात डाळीचं पीठ त्यांच्यात चालत नाही. त्यात जीव होतात म्हणे. बरं, पाण्यात कालवा. मग पाणी. ते दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि ते फडकं पुन्हा निगुतीनं धुवायचं. मग लाकडं. प्रत्येक लाकूड दगडावर आपटून, भोकात डोकावून, फुंकर घालून बघायचं, आत मुंगी-किडा असेल तर ते लाकूड बाजूला जांभळीखाली नेऊन ठेवायचं. मी भिंतीवर हात टेकून दात खात उभी. सूर्य काही कुणासाठी थांबत नव्हता.

पिठलं झालं तेव्हा त्यात लिंबाएवढ्या गुठळ्या होत्या आणि सूर्य गेला होता. जडाव पायरीवर ताट घेऊन कधीची बसली होती. तिनं देवळाकडे बोट दाखवलं. "दिवा लागला."

शेट तिच्यापुढे उकिडवे बसले. लहान पोरांना चालतं, आजाऱ्याला चालतं, आज खा, असं किती वेळ समजावत राहिले. घास तिच्या ओठांपाशी धरलेला. ती मिटल्या तोंडानं रडत होती, पाणी गालांवरून ओघळून त्या घासावर पडत होतं, पण ओठ उघडले नाहीत. शेवटी शेटनी घास ताटात ठेवला. तेही जेवले नाहीत. त्यांच्या घरात दिवा लागलेला मला बराच वेळ दिसला नाही.

सकाळी ते पिठलं गाईला घालताना म्हणाले, "माझा नेम मी कवाच मोडला असता. पर तिचं त्वांड कोन उघडनार?"

घरात बाईमाणूस नाही, तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणं आळीला रुचलं नसतं. आमच्या घरी कांदा, लसूण, बटाटा सगळं शिजे, म्हणून आमचं शिजवलेलं त्यांना चालत नव्हतं. म्हणून शेटनी आपली चूलच उचलून परसात आणली, भिंतीला लागून, वर पत्र्याचा आडोसा केला. मी माझ्या बाजूनं सांगायचं आणि त्यांनी त्यांच्या बाजूनं करायचं. इतका स्वयंपाक मी शिकवला, पण एक शेवटचा दिवस सोडला तर त्यातला एक कणही कधी माझ्या जिभेवर आला नाही.

आम्ही जेवणं बोटांवर बसवली. एक बोट म्हणजे सुमारे पाव तास. मुगाच्या डाळीची खिचडी दोन बोटांची, मात्र डाळ-तांदूळ दुपारीच निवडून ठेवलेले पाहिजेत. पिठलं-भाकरी तीन बोटांची. तुरीच्या पातळ वरणात कणकेच्या चकत्या सोडून वरणफळं करतात, ती चार बोटांची, कारण डाळ शिजायला वेळ घेते. पण ताटात दुसरं काही लागत नाही आणि पोरं बोटं चाटून खातात. ढगाळ दिवशी किंवा दुकानात कुणी खोळंबून ठेवलं तर पापडाची भाजी. पाण्याला जिरं, हिंग, तिखटाची फोडणी द्यायची, उकळी आली की पापडाचे तुकडे टाकायचे, की झालं, एका बोटात. ही मात्र त्यांनी मला शिकवली. सुंदरबाईला करताना बघितली होती एवढंच, पण बरोबर आठवली.

नवख्या माणसाला स्वयंपाक येत नाही तो हातामुळे नाही, शोधाशोधीमुळे, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. तेल तापत ठेवायचं आणि मग हिंगाची डबी शोधायला घरात पळायचं, असं त्यांचं चाले. मी सांगितलं, दुपारी दुकान थंड असतं तेव्हा लाकडं आपटून, बघून ठेवा, पीठ चाळून ठेवा. मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, सगळं चुलीपाशी मांडा. सगळं हाताशी आलं की मगच जाळ घाला. मोहरी तडतडली की पातेलं खाली उतरवा आणि मग तिखट टाका. एवढ्यानं निम्मं काम सोपं झालं. भाकरी त्यांना शेवटपर्यंत गोल जमली नाही, पण भाजलेली असायची.

एक गोष्ट मात्र काही केल्या सुधारेना, ती म्हणजे मीठ. वाढण्याआधी चाखायचं नाही ही रीत त्यांच्या घरातही होती आणि आमच्याही. बायकांना सवयीनं अंदाज येतो. शेट मीठ घालायच्या नेमक्या वेळी सूर्याकडे बघत असत, आणि मग घातलं की नाही हे त्यांना आठवत नसे. कधी घालायचंच राहून जाई, कधी दोनदा पडे. जडाव पहिला घास घेई, क्षणभर थांबे आणि सांगे, "आळणी," किंवा "खारट." एवढंच. तोंडदेखलं बोलणं त्या पोरीला येतच नव्हतं, त्यात ती आईवर गेली होती. आळणी असेल तर वरून मीठ घेऊन खायची, खारट असेल तर नुसती भाकरी. शेट दर वेळी म्हणत, "हात बसंल उद्या. हात बसाय येळ लागतोय, मास्तरीणबाई."

सूर्य पाच बोटांवर आला की ते दुकानाच्या फळ्या लावत. नेमकी तीच गाडीवानांची यायची वेळ. लोक फळ्या बघून पुढच्या दुकानात जात. शेट चूल फुंकायला गेले, असं म्हणून पेठेत टाळ्या देत. मी एकदा म्हटलं, शेट, धंदा बसेल. ते म्हणाले, "गिऱ्हाईक उद्या यील. दिवस थांबत न्हाई." त्यांच्या तोंडी हे दुसरं वाक्य कायमचं होतं.

पावसाळ्यात मोठी अडचण झाली. सूर्यच दिसेना. जडावला विश्वास होता तो गुरवाच्या दिव्यावर, आणि गुरव अंधारून आलं की दिवा लवकर लावून घरी जाई. एकदा अशीच आभाळाची गर्दी झाली होती. वरणफळं तयार, वाफा येताहेत, आणि देवळात दिवा लागला. जडावनं ताट खाली ठेवलं. मला वाटलं, आजही उपास. इतक्यात पश्चिमेकडे ढगांची कड फाटली आणि लालभडक सूर्य डोंगरावर उभा राहिलेला दिसला. शेटनी पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि हात लांब केला.

"बघ. दोन बोटं दिवस हाय."

जडावनं आपला हात लांब केला, एक डोळा मिटला. "माझी चार हायत," ती म्हणाली. मग तिनं दिव्याकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं, बराच विचार केला आणि खांद्यावरून उतरून जेवायला बसली. जेवता जेवता हसली. आई गेल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. त्या दिवसापासून तिचा दिव्यावरचा विश्वास उडाला आणि दादाच्या बोटांवर बसला. आभाळ आलं की ती जागेवरून न उठता विचारी, "दादा, किती?" शेट बाहेर जाऊन बघून येत आणि जे असेल ते सांगत. मावळला असेल तर मावळला म्हणत. तेव्हा दोघंही उपाशी निजत, पण तिला फसवणं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

दिवाळीला घोडनदीचे भाऊ आले. पोरीच्या गालांवर मांस आलं होतं. शेटनी चार बोटं दिवस असताना वरणफळं वाढली. भाऊ जेवले, हात धुतला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी रिकामीच परत नेली. शेट भिंतीशी आले. पातेलं तिरपं करून त्याचा रिकामा तळ मला दाखवला. मी म्हटलं, जिंकलात शेट. मला तेव्हा खरंच तसं वाटलं. माणूस किती मूर्ख असतो.

थंडी पडली आणि पेठेत उंदीर मरायला लागले. गाव रिकामं करण्याचा हुकूम झाला. सगळं मंचर माळावर झोपड्या घालून राहायला गेलं. शेटची झोपडी आमच्या शेजारीच होती. त्यांनी तिथेही दारापुढे तीन दगड मांडून चूल घातली. माळावर मध्ये झाड नाही की भिंत नाही, त्यामुळे सूर्य शेवटपर्यंत दिसे. जडावला ते फार आवडलं. सगळ्या झोपड्यांतल्या पोरांना ती बोटांनी दिवस मोजायला शिकवत फिरायची.

मग तिला ताप आला. गाठ नव्हती. वैद्य म्हणाले, विषमज्वर. दिवसामागून दिवस ताप उतरेना, पोटात पाण्याशिवाय काही राहीना. दिवाळीला आलेलं मांस बघता बघता उतरलं आणि पोरगी पुन्हा पहिल्यासारखी झाली, मग त्याहून वाईट झाली. मी तिच्या उशाशी बसे. शेट दुकान, गाव, प्लेग सगळं विसरून चुलीपाशी बसून असत. रोज खिचडी करत, रोज ती तशीच उचलून टाकत.

एका सकाळी वैद्यांनी नाडी बघितली आणि म्हणाले की आज जरा जोर वाटतो, आज दोन घास पोटात गेले तर आशा धरायला जागा आहे. एक मात्रा त्यांच्याकडे संपली होती, ती घोडेगावच्या वैद्यांकडून आणायला सांगितली. शेट स्वतःच गेले. त्यांना यायला उशीर झाला. ते माळावर पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकत होता, आणि नेमकं त्याच वेळी जडावनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "भूक लागली."

मी बाहेर येऊन शेटना सांगितलं. त्यांच्या हातातून मात्रेची पुडी खाली पडली. धुऊन ठेवलेले डाळ-तांदूळ होते. त्यांनी लाकडं उचलली आणि तशीच चुलीत कोंबली. आपटली नाहीत, बघितली नाहीत. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण हे मी कधी पाहिलं नव्हतं. सूर्य गेला. डोंगरावरचा लाल रंगही गेला. आजूबाजूच्या झोपड्यांतून दिवे लागायला लागले. खिचडी मऊ शिजत आली होती. ते पळीनं घोटत होते आणि या खेपेला त्यांनी सूर्याकडे एकदाही बघितलं नाही. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ताट घेऊन ते उठले तेव्हा अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "तुमी दारात उभ्या ऱ्हावा. तिला भाईरचं दिसाय नको."

मी दारात उभी राहिले. झोपडीत दिवा लावला नव्हता. बाहेरच्या चुलीचा जो काय उजेड माझ्या बाजूनं आत जाईल तेवढाच. शेटनी पोरीला मांडीवर घेतलं. तिनं विचारलं, "दादा, किती?"

शेटनी ताटातली खिचडी पुन्हा एकदा कालवली. मला वाटलं, यांना जमणार नाही. मग ते म्हणाले, "दोन बोटं हाय. चांगला हाय अजून दिवस."

जडाव त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं तोंड उघडलं. थोडे घास खाल्ले तिनं. मध्ये थांबली तेव्हा शेटनी सवयीनं विचारलं, मीठ कसं आहे. ती म्हणाली, "बरोबर हाय."

शेट बाहेर आले, चुलीपाशी बसले आणि पगडी काढून तोंडाला लावून रडले. आनंदानं रडले. "जेवली," म्हणाले. "आन् मीठ बसलं, मास्तरीणबाई. हात बसला."

मी पातेलं उचलून ठेवायला गेले. मला एक गोष्ट खात होती. मी पूर्ण वेळ त्यांच्या हाताकडे बघत होते आणि तो हात मिठाकडे गेलेला मला दिसला नव्हता. पातेल्याच्या तळाशी खिचडी उरली होती. मी बोटावर घेऊन जिभेला लावली. ती पार आळणी होती. मिठाचा एक कणही त्यात पडला नव्हता.

जडाव दुसऱ्या दिवशी उजाडताना गेली.

शेटनी त्यानंतर चूल पेटवली नाही. सकाळी इतर घरांतून येईल ते एकदा खात. संध्याकाळी दुकान उघडं ठेवून बसत. आता गाडीवानांना माल मिळायला लागला आणि पेठेतलं कुणी हसत नव्हतं. त्यांना एकाच गोष्टीचा घोर लागला होता. पोरीचा नेम मोडला, त्याचं पाप तिला लागेल का? आई पलीकडे वाट बघत असेल तर तिला काय वाटेल? पुढच्या चातुर्मासात गावात मुक्कामाला आलेल्या जैन मुनींना, महाराजसाहेबांना, त्यांनी सगळं सांगितलं. महाराजसाहेब म्हणाले की मुलीला ठाऊक नव्हतं, तेव्हा तिच्याकडे दोष नाही; खोटं तुम्ही बोललात, दोष तुमचा. शेट घरी आले ते इतके हलके होऊन की मला बघवेना. भिंतीशी येऊन म्हणाले, "तिला ठावं न्हवतं. दिवस हाय असंच वाटलं तिला. सगळं माझ्यावर आलं, ते बरं झालं."

आणि मी भिंतीअलीकडे मान डोलावत उभी होते. जी पोरगी जन्मात कधी आळणीला बरोबर म्हणाली नाही, ती त्या दिवशी म्हणाली. का म्हणाली? तापानं जीभ मेली होती, चव कळत नव्हती, असं मी स्वतःला शेकडो वेळा सांगून बघितलं आहे. पण ती बापाच्या तोंडाकडे बघत होती ते मला आठवतं. माळावर रोज शेवटच्या किरणापर्यंत दिवस मोजणाऱ्या त्या पोरीला झोपडीतला अंधार कळला नसेल? बापासाठी तिला मिठाचं खोटं बोलता येत होतं, तर सूर्याचं खोटंही तिनं ओळखलं असेल आणि ओळखूनच तोंड उघडलं असेल. मग महाराजसाहेबांनी दिलेला आधार कुठे राहिला? हे मी शेटना कसं सांगणार होते?

वर्षभरानं भावानं त्यांना घोडनदीला बोलावून घेतलं. दुकान मोडलं, सामान गाडीत भरलं. निघताना ते परसात आले. सूर्य डोंगरावर चांगला वर होता. त्यांचा हात आपोआप पुढे झाला, बोटं आडवी झाली, एक डोळा मिटला. मग काय करतोय ते ध्यानात येऊन त्यांनी हात खाली घेतला.

"येतो, मास्तरीणबाई," ते म्हणाले. थोडे चालले आणि परत वळले. "एवढं शिकवलंत, लई उपकार झालं. शेवटाला मीठ बरोबर पडलं, न्हाई का? ती बोलली तसं."

मी म्हटलं, "हो शेट. अगदी बरोबर पडलं होतं."

गाडी गेली. सूर्य मावळल्यावर मी घरात येऊन दिवा लावला आणि मास्तरांना वाढलं. माझ्या पानातल्या आमटीत मीठ होतं की नव्हतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही.